जखम न भरणारी राणी

कामतघर या वस्तीत आमच्या चाळीच्या मागेच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. ते लोडशेडिंगचे दिवस. दुपारी वीज गेली की खडखडाट थांबायचा, आणि तेवढ्या शांततेत मी आत्याला माझी कादंबरी वाचून दाखवायचे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, मानकोली गावची. पडून तिचा पाय मोडला, म्हणून आमच्याकडे आणली होती. पायाला प्लास्टर, आणि पडून राहणं तर तिच्या स्वभावातच नाही.

कादंबरीतली राणी एका झऱ्याचं पाणी पिऊन ऐन विशीत थांबली होती. नातवंडं म्हातारी होऊन गेली तरी ही तशीच. एका प्रकरणात ती बुरुजावरून पडते, पाय मोडतो, आणि पुढच्याच पानावर घोड्यावर बसते.

"येवढ्यात जुळला?" आत्यानं विचारलं.

"अमर आहे ना ती."

"मंग मीच काय पाप केलंय?" म्हणत ती खो खो हसली. मला मात्र हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिचा एक्स-रे उजेडात धरला. मोडल्या जागी ढगासारखा पांढुरका डाग दिसत होता. "नवीन हाड येतंय. वयामुळे वेळ लागेल, पण येतंय," ते म्हणाले. परतताना रिक्षात माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. हाड जुळायचं तर शरीर बदलायला हवं. जिचा एक केस पांढरा होत नाही, तिची जखम तरी कशी भरेल?

अर्धी कादंबरी बाजूला ठेवली आणि पुन्हा लिहायला बसले. आता राणीचा प्रत्येक ओरखडा उघडाच राहत होता. मोडक्या पायानं ती पालखीत पडून राज्य करत होती.

आत्या चिडली. "तिला बरी कर. पोर हाय ती."

"नाही होणार, आत्या. नियम आहे."

"नियम तूच केलास ना?"

"केला. म्हणूनच मोडणार नाही."

पुढच्या एक-दोन दुपारी ती माझ्याशी बोललीच नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा तिच्या पायाची काठी झाली होती. गॅलरीचा कठडा धरून, दात आवळून ती चालायला लागली. आई धरायला धावली की तिच्यावर खेकसायची. मी दारातून बघत होते. राणीनं काय करायचं ते मला तेव्हा कळलं. नव्या प्रकरणात ती सरपटत झऱ्याकडे गेली आणि अमरपण परत देऊन आली. आधी केस पिकले, मग पाय खाजायला लागला.

"खाजतंय म्हंजे जुळतंय," ऐकून आत्या म्हणाली. "आता जगंल किती?"

"तुझ्याएवढी."

"मंग बास हाय."

प्रकाशकांना तो शेवट पटला नाही. वाचकांना म्हातारी नायिका नको, शेवटच्या पानावर तिला तरुण करा, असं त्यांनी कळवलं. मी हस्तलिखित परत मागवलं आणि दुसरीकडे पाठवलं. तिथूनही तेच उत्तर आलं, तेव्हा तिसरीकडे पाठवलं. त्यांनी छापलं, एक ओळही न बदलता.