मेंढपाळाची पाळी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, चर्चच्या पाळकांजवळ नाही. रोज गुडघे टेकतो, पण प्रार्थनेत या विषयाच्या जवळ आलो की मी घाईघाईनं आजारी माणसांची नावं घ्यायला लागतो. देवाला चुकवायची ही माझी रीत. तो असा फसत असेल का? तुम्हालाही तसं वाटत नसेल.

आमच्या कोल्हापुरातल्या चर्चमधल्या लोकांना पळायला लावलं ते मी. साखर वाढली होती, पोट सुटलं होतं, जिना चढला की धाप. डॉक्टरांनी दम भरला तसा आधी चालायला लागलो, मग पळायला, आणि हळूहळू माणसात आलो. एका रविवारी उपासनेत उभं राहून साक्ष दिली — देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते आमच्यात सगळ्यांसमोर सांगतात, त्याला साक्ष म्हणतात. मी म्हणालो, शरीर देवानं सांभाळायला दिलंय, फुकट मिळालं म्हणून त्याचा उकिरडा करायचा नाही. लोकांना पटलं. मला बोलता येतं, तिथंच सगळा घात आहे.

मग दर शनिवारी पहाटे आम्ही कळंबा तलावाकडं जायला लागलो. आधी प्रार्थना, मग धाव. मी सांगायचो, पळणं आणि विश्वासात चालणं, दोन्हीचे नियम एकच. थोडंच, पण नेमानं. कंटाळा आला तरी अंथरूण सोडायचं. दुसऱ्याच्या वेगाशी ईर्ष्या नको. शरीर थांब म्हणालं की थांबायचं, कारण हट्ट म्हणजे विश्वास नव्हे. आणि सगळ्यात मोठा नियम — शेवटच्याला एकटं सोडायचं नाही. दर खेपेला आमच्यातला एकजण 'मेंढपाळ' असायचा. त्यानं सगळ्यांच्या मागं, सगळ्यात हळू माणसाच्या पावलानं पळायचं. नाव मीच काढलेलं. फार अभिमान होता मला त्याचा.

सगळ्यात हळू सुधाकर. कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, अंगानं भरलेला. वाटेत भेटेल त्याला, ओळखीचा असो नसो, सलाम घालत पळायचा, त्यामुळं आणखीच मागं पडायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी तो धावेतच गेला. हृदय बंद पडलं. त्या दिवशी मेंढपाळाची पाळी माझी होती.

इथपर्यंत सगळ्या चर्चला माहीत आहे. पुढचं जे त्यांना माहीत आहे, ते मी सांगितलेलं आहे.

मी सांगितलं की शेवटपर्यंत त्याच्याजवळ होतो. त्याचा हात माझ्या हातात होता. मी त्याला थांब म्हणालो, तर तो म्हणाला, "थांबायचं न्हाय दादा, प्रभू पळवतोय." दफनविधीच्या वेळी हे बोललो तेव्हा बाप्ये माणसंसुद्धा रडली. त्याची बायको मार्थावहिनी नंतर मला म्हणाली की नवरा एकटा गेला नाही, एवढ्यावर ती उरलेलं आयुष्य काढेल.

तो एकटाच गेला. मी तिथं नव्हतो.

शहरातली शर्यत जवळ आली होती आणि माझा सराव कमी पडत होता. पुढं सगळे धुक्यात दिसेनासे झालेले, शेजारी सुधाकर रेंगाळत चाललेला, आणि मनगटावरचं घड्याळ बघून माझा जीव जळत होता. म्हटलं, वळणापर्यंत जाऊन येतो. कुणाला म्हटलं? मनातल्या मनात. आणि सुटलो. वळण मागं पडलं तरी थांबलो नाही. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटत होतं. असा वेग मला आधी कधी लागला नव्हता.

परत आलो तेव्हा रस्त्याकडेला दुधाच्या किटल्या अडकवलेली मोटारसायकल उभी होती. सुधाकर उसाच्या बांधाला टेकून बसलेला, मान एका बाजूला पडलेली. दूधवाला त्याच्यापाशी उकिडवा बसला होता. त्यानं वर बघितलं.

"पावणं, तुमच्यातलं हाय का हे? मगाधरनं एकटंच बसलंतं की."

"मी संगंच होतो," मी म्हणालो.

पहिलं खोटं ते. दूधवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. आम्ही दोघांनी मिळून सुधाकरला दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. अजूनही त्या रस्त्याला किटल्यांचा आवाज आला की मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो.

आणि माझं खोटं तिथंच थांबलं असतं तर! 'थांबायचं न्हाय, प्रभू पळवतोय' हे मी सुधाकरच्या तोंडी घातलेलं वाक्य आमच्यातल्या पोरांनी त्याची आठवण म्हणून टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतलं. आता गुडघा दुखत असला तरी कुणी थांबत नाही, अंगात ताप असला तरी येतात. हट्ट म्हणजे विश्वास नव्हे, असं मीच शिकवलं होतं, ते कुणाच्या ध्यानात नाही. मी पुढं उभा राहून प्रार्थना सांगतो, आणि सगळे वळले की तेच शब्द पाठी-पाठीवरून माझ्यापुढं पळायला लागतात.

यंदा पावसाळा सरल्यावर मार्थावहिनीही यायला लागली. गेल्या शनिवारी मेंढपाळ मीच होतो आणि सगळ्यात मागं ती होती. चढावर तिचा हात छातीकडं गेला. ओठ पांढरे पडले. मी म्हणालो, वहिनी, थांबा, खाली बसा. तिनं मान हलवली.

"हे थांबले व्हते का, दादा?"

तिला थांबवेल असं जगात एकच वाक्य होतं, ते फक्त मला माहीत होतं, आणि ते मी गिळलं. शेजारून पळत राहिलो, तिचा श्वास ऐकत. त्या दिवशी तिला काही झालं नाही. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर हसली. उद्या पुन्हा शनिवार आहे.

तिला खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि सगळं मी स्वतःलाही कधी सांगितलेलं नाही. आजवर मनाला समजावत आलो की सगळं अचानक झालं असेल, मी पुढं गेलो तेव्हा त्याला काही होत नसेल. तसं नव्हतं. मी सुटलो तेव्हा सुधाकरनं मागून हाक मारली होती.

"दादा, थांब की जरा. छातीत कसंतरी व्हतंय."

मला स्वच्छ ऐकू आलं. मी मागं न बघता हात वर केला — आलोच, अशा अर्थानं — आणि वेग वाढवला.