कृष्णविवरावर सत्काराचे नारळ

मंडळी, आज डोकं लई फिरलंय. मी शिकवतो त्या पाटोद्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं.

आठवीतल्या संघमित्रानं ताणलेल्या कापडावर जड लोखंडी गोळा ठेवलता, ते कृष्णविवर. भोवती फिरणारे तारे म्हणून गोट्या फिरवल्या की कापड थरथरायचं. अवकाशात गुरुत्वीय लहरी अशाच उठतात, हे ती पाहुण्यांना सांगणार होती.

पण आधी सत्कार! नारळ ठेवायला जागा न्हाई म्हणून आमच्याच एका सरांनी ढीगभर नारळ तिच्या कापडावर ठेवले. कापड टरकन फाटलं.

मी भडकलो, तर ते सर म्हणतात, "पोरीचा खेळ हाय ओ. पाहुणे काय रोज येतेत?"

पाहुणे माइकवर म्हणाले, "आपल्या लेकींनी शास्त्रज्ञ व्हायला पायजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संघमित्रा फाटकं कापड धरून समोरच उभी होती. पुढच्या वर्षी तिला कोणत्या तोंडानं म्हणू, भाग घे म्हणून?