आवाज नसलेली गाडी

माझ्या नवऱ्याला गाड्यांचं वेड आहे म्हटलं, की लोक लगेच विचारतात, कुठली घेतलीय? कुठलीच नाही. नवी मुंबईत, जुईनगरच्या आमच्या सोसायटीत आमच्या नावाची पार्किंगची जागा आहे, तिच्यात वरच्या मजल्यावरच्यांची स्कूटर उभी असते. ह्या माणसाला गाडी घ्यायची नव्हतीच, बघायची होती. तीही साधीसुधी नाही. जमिनीला पोट टेकतंय की काय असं वाटणारी, दोनच माणसं मावणारी, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागेल अशी स्पोर्ट्स कार. बाजारात नवीन आली, की तिची सगळी माहिती ह्यांना तोंडपाठ. आणि रविवारी सकाळी ती पाम बीच रोडवर फिरायला निघेल म्हणून हे कॅमेरा घेऊन हजर. एमआयडीसीतल्या कारखान्यात उभा जन्म यंत्रांचे काटे तपासण्यात गेला, त्या नोकरीबद्दल घरी कधी चार वाक्यं बोलले नाहीत. गाड्यांबद्दल मात्र तोंडाचा पट्टा थांबत नसे. मी अर्धं ऐकायची आणि अर्धं सोडून द्यायची.

फोटोच्या बाबतीत त्यांचा एकच हट्ट होता. गाडी उभी असताना काढायचा नाही. "उभ्या गाडीचा फोटो इन्शुरन्सवाले पण काढतात," असं म्हणायचे. सिग्नलच्या थोडं पुढे फूटपाथवर उभं राहायचं. सिग्नल सुटला की गाडी जोर धरत येते. मग तिच्याबरोबर, तिच्याच वेगाने कॅमेरा फिरवायचा आणि फिरता फिरताच बटण दाबायचं. ह्याला पॅनिंग म्हणतात. जमलं तर गाडी लख्ख येते, चाकं फिरताना दिसतात आणि मागची झाडं, दिव्याचे खांब, इमारती सगळं आडवं ओढल्यासारखं दिसतं. नाही जमलं तर गाडीही त्यातच वाहून जाते. ह्यांना जमायचं. सोसायटीच्या गणपतीत एकदा त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लावलं होतं, तेव्हा लोक चाकांना हात लावून बघत होते.

मग फोटोत गाड्यांची टोकं कापली जायला लागली. कधी पुढचा दिवा नाही, कधी मागचं चाक नाही. "वय झालं, हात मागे पडतो," असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. हात मागे पडत नव्हता. बाजूचं दिसणं कमी झालं होतं. दाराच्या चौकटीला दोनदा खांदा आपटला, स्वयंपाकघरात माझ्या हातातली पातेली ह्यांच्या धक्क्याने सांडली, तेव्हा मी चिडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर भला माणूस होता, गोड गोड बोलला नाही. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करू, असं म्हणाला. प्रयत्न केला. टिकलं नाही. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

त्यानंतर हे बाल्कनीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले, ते बसलेच. चहा दिला तर घेत, जेवायला हाक मारली तर येत. रागावत नव्हते, रडत नव्हते. मी बडबडी, भांडखोर बाई, मला समोरून उत्तर लागतं. घरात एवढी शांतता मला कधी सोसली नव्हती. एक पूर्ण वर्ष आणि वर काही महिने मी त्या खुर्चीच्या पाठीकडे बघत काढले. माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी सुतक पाळल्यासारखे दिवस होते ते.

कॅमेरा कपाटात होता. आमच्याकडची हवा दमट, भिंगावर बुरशी धरते, हे एवढं वर्षानुवर्षं कानावर पडलेलं. एका दुपारी मी तो पुसायला म्हणून बाहेर काढला आणि चालू आहे का बघायला बटण दाबलं. खटक् झालं. खुर्चीतली मान वर झाली.

"सेटिंग बदललंस?" हे म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आवाजावरून शटर स्लो वाटतंय. आण इकडे."

कित्येक महिन्यांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी कॅमेरा दिला, आणि येत्या रविवारी आपण पाम बीचला जातोय, असं त्याच दमात सांगून टाकलं. फोटो कोण काढणार? मी. ह्यावर हे हसले, ते मला फार लागलं आणि फार बरंही वाटलं.

सुरुवातीचे रविवार म्हणजे निव्वळ फजिती. मी काढलेल्या फोटोत अर्धं चाक असे, नाहीतर नुसता रस्ता. ह्यांना लांबून आवाज ऐकू यायचा. सिग्नलला उभी असतानाच सांगायचे, सहा सिलिंडरची आहे, ही आठची आहे, ह्याने बाहेरून सायलेन्सर बदललाय, वाट लावली बिचारीची. पण मी वळेपर्यंत गाडी नेरूळला पोचलेली.

"तू मान वळवतेस," हे एकदा वैतागून म्हणाले. "कंबर वळव. पाय रोवून ठेव आणि कमरेपासून वळ."

"तेच करतेय."

"नाही करत आहेस." आणि माझ्या मागे येऊन त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

इथे थोडं सांगायला हवं. आमचं लग्न पद्धतीप्रमाणे बघून-सवरून झालेलं. हे चिपळूणकडचे, मी साताऱ्याची. दोन्ही घरं अशी, की रस्त्यात नवरा दोन पावलं पुढे आणि बायको मागे. हे चांगले होते, त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण चारचौघांत माझा हात धरलेला मला आठवत नाही. आणि आता सायकलवाले, जॉगिंगवाले, कुत्री फिरवणारे, सगळ्यांच्या देखत हा माणूस माझे खांदे धरून उभा. मी लाजेने लाल झाले. ह्यांना लोक दिसत नव्हते, त्यांचं बरं होतं.

लांबून आवाज आला. ह्यांची बोटं घट्ट झाली. आवाज जवळ आला तसे त्यांनी मला हळूहळू वळवायला सुरुवात केली, आवाज वाढला तसा वळण्याचा वेगही वाढला, आणि अगदी समोर आल्यावर म्हणाले, "आत्ता." मी दाबलं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं, तर एक टोमॅटोच्या रंगाची गाडी, पुढचा दिवा स्पष्ट, मागचं सगळं ओढलेलं.

"चाकं?" ह्यांनी विचारलं.

"फिरतायत."

त्या दिवशी हे दोनदा भात घेऊन जेवले.

तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. फोटो झाले की रिक्षाने पुढे दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जायचं, ताजी मासळी घ्यायची. तिथली आमची ठरलेली कोळीण मला बाजूला सारून म्हणायची, "तू नको बगू गो बाय, दादा हात लावून बगेल, त्याला कलते." हे मांदेलीला हात लावून, वास घेऊन बघत आणि बहुतेक बरोबर सांगत. आठवडाभर फोनवर नव्या गाड्यांचे रिव्ह्यू ऐकत. खुर्ची तिथेच होती, पण तिच्यावर आता वाळलेले कपडे पडलेले असायचे.

त्या रिव्ह्यूंमध्येच विजेवरच्या स्पोर्ट्स कारचा विषय यायला लागला. पेट्रोल नाही, इंजिन नाही, सायलेन्सर नाही. एकदा सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "आपल्या रोडवर दिसली का गं तसली कधी?"

"छे, कुठे," मी म्हणाले.

दिसली होती. एक नाही, बऱ्याच. नंबरप्लेट हिरवी असते, त्यावरून मला लांबूनच कळायचं. सुंदर असतात, खोटं कशाला बोलू. सिग्नल सुटला की बाणासारखी सुटते आणि आवाज कसला, तर टायरचा सर्र आवाज, कुठल्याही घरगुती गाडीचा असतो तेवढाच. ती समोरून जायची आणि माझ्या खांद्यावरचे हात ढिलेच असायचे. मी तशीच पुतळ्यासारखी उभी राहायची. तिचा फोटो घ्यायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. ज्या माणसाकडे आता फक्त कान उरलेत, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, की अहो, नव्या गाड्या तुम्हाला कळणारच नाहीत? पुढे पुढे सगळ्याच तशा येतील? मला ती खुर्ची दिसत होती. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

जानेवारीतला रविवार. खाडीवरून धुकं येत होतं आणि त्यातून ऊन नुकतं उतरत होतं. सिग्नलवरून एक गाडी निघाली, छप्पर उघडं, शेवाळी रंग, दारावर ऊन पडलेलं. हिरवी नंबरप्लेट मला दिसली. पण ती इतकी देखणी होती, की माझं ठरवलेलं सगळं विसरून माझी कंबर आपोआप वळली आणि बोटाने बटण दाबलं. खटक्.

खांद्यावरचे हात निसटले होते. ह्यांनी ते तसेच हवेत धरले होते.

"काय होतं?"

"काही नाही हो. कावळा."

"कावळ्यासाठी कंबर वळवलीस?"

मग खरं काय ते सांगितलं, विजेवरची होती. पहिलीच आहे का, असं त्यांनी विचारलं. दिवाळीच्या आधीपासून दिसतायत, तेही सांगितलं. कॅमेरा मी बॅगेत घातला. दिवाळ्याला जायचा विषय दोघांनीही काढला नाही. घरी आल्यावर ह्यांनी हाताने चाचपून खुर्चीवरचे कपडे उचलले, नीट घडी करून पलंगावर ठेवले आणि खुर्चीत बसले.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच ठाऊक. मी भांडून पाहिलं. पुरणपोळी करून पाहिली. एवढ्यातेवढ्यावरून टेन्शन घेणारा माणूस नव्हे हा, म्हणून जास्त भीती वाटत होती. मधल्या एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तो फोटो कसा आलाय?"

"चांगला आलाय."

"शार्प आहे?"

फोटोच्या बाबतीत मी त्यांना कधीच खोटं सांगितलं नव्हतं. "आहे," मी म्हणाले. "आजवरचा सगळ्यात शार्प आहे."

"चाकं?"

"फिरतायत."

"हं," म्हणाले आणि परत बाल्कनीकडे तोंड केलं.

रविवारी सकाळी मी काही न विचारता त्यांचे बूट पायाशी आणून ठेवले. ह्यांनी ते घातले. नेहमीच्या जागी उभे राहिलो आणि माझ्या खांद्यांवर हात आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सिग्नलवर एक जुन्या पद्धतीची, पेट्रोलवाली, कान किटवणारी गाडी गुरगुरत होती. हिचा आवाज तर बहिऱ्यालाही आला असता. सिग्नल सुटला. गाडी आली, समोरून गेली, लांब गेली. हात हलले नाहीत. मीही हलले नाही.

"गेली ना?" मी म्हणाले.

"मग? तू का नाही वळलीस?"

"तुम्ही वळवलं नाहीत म्हणून."

"तुला आता गरज नाही त्याची," हे शांतपणे म्हणाले. "मागच्या रविवारी तू एकटी वळलीस आणि फोटो सगळ्यात शार्प आला. मी उगाच मागे लोंबकळत असतो. तुझं तू काढत जा. मी घरी बसत जाईन, रिक्षाचे पैसे तरी वाचतील." आणि त्यांनी हात काढून घेतले.

मला असा संताप आला, की कॅमेरा रस्त्यावर आपटावा. "शार्प?" मी ओरडलेच. एक सायकलवाला वळून बघायला लागला. "मला त्या शार्पशी काय करायचंय? मला गाड्यांची काडीची आवड नाही. कधीच नव्हती. सगळ्या सारख्या दिसतात मला, रंग सोडला तर. मी इथे पहाटे उठून, गुडघे दुखत असताना कशाला येते? तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवता म्हणून येते. इतक्या वर्षांच्या संसारात कधी ठेवले होते? गाडी येवो नाही तर न येवो, आवाज असो नाही तर नसो, मला काही फरक पडत नाही. मला ते हात हवेत."

बोलून गेले आणि मग माझी मलाच लाज वाटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते ह्यांना दिसत नव्हतं, पण मी नाक ओढलेलं ऐकू गेलं असणार.

मग एक हात पुढे करून त्यांनी हवेत मला शोधलं. आधी कोपर लागलं, मग दंड, मग खांदा. दुसऱ्या खांद्यावर दुसरा हात आला.

"येतंय का काही?" त्यांनी विचारलं.

मी रस्त्याकडे बघितलं. सिग्नल लाल होता आणि पलीकडे एकही गाडी उभी नव्हती.

"नाही."

"बरं," हे म्हणाले. हात तिथेच राहिले.