नाव बरोबर होतं

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मला वॉर्डातून काढून गुणवत्तेच्या कामावर बसवलं. तोवर मी कुडाळकडच्या एका इस्पितळात बरीच वर्षं परिचारिका होते. नवं काम बसून करायचं होतं. रुग्ण दारातून आत आल्यापासून खाटेवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते बघायचं आणि मोजायचं. रांगेत किती वेळ गेला, नाव आधार कार्डाप्रमाणे चढलं का, नातेवाइकाचा फोन नंबर घेतला का. मग वॉर्डात जाऊन त्या रुग्णालाच विचारायचं की नोंदणीच्या खिडकीवर नीट बोलले का, समजेल असं सांगितलं का.

उत्तरं बहुतेक एकच. "बरां आसा." खाटेवर पडलेला माणूस इस्पितळाला नावं ठेवत नाही. ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्याच हातून थोड्या वेळाने सुई टोचून घ्यायची असते.

ते मास्तर तेवढे वेगळे निघाले. शिरोड्याच्या एका ख्रिस्ती घरातले, हायस्कूलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं, माडांच्या बागेतल्या घरात एकटे राहायचे. पहाटेपासून दम लागला होता, म्हणून शेजाऱ्याने गाडी करून आणलं, कार्ड दाखवून नोंदणी केली आणि दुकान उघडायला तो परत गेला. नोंदणी चटकन झाली होती. मी वर गेले तेव्हा मास्तर उशीला टेकून, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून बसले होते. मी माझे प्रश्न विचारले आणि शेवटी दहापैकी किती गुण द्याल, असं विचारलं. ते थोडं हसले.

"बाय, चित्र पुरां झाल्याबगर मार्क देवचे नसतत," म्हणाले.

मग दम घेऊन त्यांनी सांगितलं की त्यांची मोठी बहीण गोव्यात दिलेली आहे, शेजाऱ्याने तिला फोन केलाय, ती निघाली असेल. मी म्हटलं, येतील त्या. त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"इतक्या मोठ्या जाग्यात मी गावतलंय मां तिका?"

सापडाल की, असं म्हणून मी खाली गेले आणि खिडकीवरच्या मुलीला त्यांच्या बहिणीबद्दल सांगितलं. तिने मान हलवली. दुपारी तिची पाळी संपली, तिच्या जागी दुसरी आली, आणि दोघींच्या मधे ती गोष्ट कुठेतरी राहून गेली. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणींना तेच प्रश्न विचारत होते.

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्या-तुकड्यांनी. बहीण दुपारी आली. वाटेत बस बदलत आलेली, सत्तरी ओलांडलेली बाई. खिडकीवर तिने आधी भावाचं घरचं नाव सांगितलं, कारण जन्मभर ती त्याला त्याच नावाने हाक मारत आली होती. त्या नावाचं कोणी नव्हतं. मग तिने बाप्तिस्म्याचं नाव आणि आडनाव सांगितलं. त्यांचं आडनाव पोर्तुगीज वळणाचं, इंग्रजीत ते प्रत्येकजण आपापल्या परीने लिहितो. कार्डावर एक तऱ्हा होती, मुलीने टाइप केली दुसरी. संगणकाचा पडदा कोराच राहिला. मुलगी उद्धट नव्हती. मागे रांग होती. तिने बहिणीला सांगितलं, की या नावाचा रुग्ण आमच्याकडे नाही, दुसऱ्या इस्पितळात नेलं असेल, तिथे बघा. शेजाऱ्याचा फोन लागत नव्हता. म्हातारी रिक्षा करून दुसरीकडे गेली, तिथूनही नाही म्हणाले, आणि ती पुन्हा आमच्याकडे आली.

तेव्हा मी खाली होते. खिडकीपासून थोड्या अंतरावर एक बाई पिशवी छातीशी धरून उभी होती, रांगेत नाही आणि रांगेबाहेरही नाही. मी जवळ गेले.

"माझो भाव हंय आसा," ती म्हणाली. "चित्रां काढता तो. ह्येंका तो गावना नाय."

मी तिचा हात धरून लिफ्टकडे नेलं. वर पोचलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. मी वॉर्डातल्या सिस्टरच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. बहीण मात्र तो पडदा बाजूला करायला माझ्याकडे बघत थांबली. मीच तो सारला.

महिनाअखेरच्या बैठकीत आमच्या नोंदणीचे आकडे चांगले आले. मास्तरांची नोंदही त्यातच होती. वेळ कमी लागलेला, नाव कार्डाबरहुकूम, नातेवाइकाच्या जागी शेजाऱ्याचा नंबर. मी झालेलं सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. कागद खालीवर करत ते म्हणाले, "पण सिस्टर, हे धरायचं कशात? नाव तर बरोबर होतं." घरचं नावही विचारून लिहावं, असं मी सुचवलं. ते मान्य झालं. थोडे आठवडे मुलींनी लिहिलं. मग तापाची साथ आली, रांग दाराबाहेर गेली आणि ती जागा रिकामी राहू लागली.

बहीण पुन्हा आली ती मृत्यूच्या दाखल्यासाठी. चर्चच्या कागदावरचं आडनाव आणि आमचं जुळत नव्हतं, म्हणून तिला बसवून ठेवलेलं. मी चहा घेऊन तिच्याजवळ बसले. तिने चहा हातात धरून ठेवला.

"शेवटाक तो कोणावांगडा उलयलो?"

ऑक्सिजन वाढवताना सिस्टर काही बोलली असेल, डॉक्टर बोलले असतील. पण नीट बसून बोलले ते माझ्याशीच असावेत. मी तसं सांगितलं.

"काय म्हणालो?"

खोटं सांगता आलं असतं. ते शांत होते, प्रार्थना करत होते, असं काहीतरी. वॉर्डात असताना मी तसं पुष्कळांना सांगितलं आहे. पण या बाईच्या नजरेला नजर देऊन ते बोलवेना.

"तुमची वाट बघी होते," मी म्हटलं. "तुमका आपण गावतलंय मां, असां माका इचारल्यांनी."

ती रडली नाही. चहाचा कप तिने बाकावर ठेवला, जराही न सांडता.

"ल्हानपणी तो लपान बसायचो," ती म्हणाली. "मी सोदून काढीपर्यंत भायर येयत नसा."

मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती सही करायला उठली. मीही उठले. सकाळी भरती झालेल्यांना विचारायचं राहिलं होतं.