आप्पा पाठीमागे उभे राहायचे

कारेगावात हेडफोन विकणारे पाच-सहा जण तरी असतील. पण गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून हेडफोन विकणारे एकटे यशवंत आप्पाच. त्यांचं दुकान म्हणजे मेस आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये दाबून बसवलेला गाळा. आत भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक प्लास्टिकचं स्टूल. गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, आणि आप्पा फोन घेऊन मागे जायचे. "आवाज आला की बोट वर कर. वळून बघायचं न्हाई." पहिल्यांदा बसलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता माझे केस कापणार.

मी न्हावऱ्याचा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, कॉन्ट्रॅक्टवर होतो. दिवसभर पत्र्यावर प्रेस आदळायची, आणि संध्याकाळी खोलीवर आलो की मला गेम, पिक्चर आणि गाणी या तिन्हींना चालेल असा एकच हेडफोन हवा असायचा. बजेट पंधराशे. त्याआधी एक ऑनलाइन मागवून मी शहाणपणा करून बसलो होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत लाइट लागायचे. डोक्यावर चढवल्यावर कळलं, की हे लाइट अख्ख्या खोलीत फक्त मलाच दिसणार नाहीत. रूम पार्टनर मात्र खूश. "तू खेळत बस," तो म्हणायचा, "मला गणपतीचं डेकोरेशन बघितल्यासारखं वाटतं." दीड महिन्यात ते डेकोरेशन एका कानानं गेलं, आणि मी आप्पांच्या दुकानात आलो.

"गेमिंगचा दाखवा. सेव्हन पॉइंट वनवाला, आठ बाजूंनी आवाज येतो तो," मी ऐटीत म्हणालो.

आप्पांनी डावा कान माझ्याकडे वळवला. बोलताना ते नेहमी असेच तिरके व्हायचे. "कान किती हायत तुला?"

"दोन."

"मग बाकीचं कुणाला ऐकवायचं?" खोका परत फळीवर गेला. "गाव कुठलं?"

"न्हावरे."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी न्हावरेच झालो; माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्यांची विकायची रीत न विकल्यासारखी होती. ब्लूटूथ मागितलं की म्हणायचे, "गाण्याला चालंल. गेमला नको. गोळी आत्ता सुटती, आवाज मागनं येतो. तवर तू मेलेला." कानावरची गादी रेक्झिनची असली तर, "उन्हाळ्यात कानाचं भरीत व्हईल. कापडी घे." वजन बघायला हेडफोन डोक्यावर ठेवून पंधरा मिनिटं बसवून ठेवायचे आणि स्वतः शेजारी चहा प्यायला जायचे. नवं गाणं लावून बघायला त्यांची सक्त मनाई. "ऐकून ऐकून पाठ झालेलं लाव. तेच बदललेलं वाटलं तर हेडफोन कसा हाय ते कळंल." बिहारचा एक कामगार एकदा म्हणाला, "चाचा, बेस ज्यादा वाला दो." आप्पा शांतपणे म्हणाले, "बेस मंगता तो डीजे के सामने खडा रह. फुकट है." पोरगा हसत बसला, आणि शेवटी आप्पांनी दिलेलाच घेऊन गेला.

तर मी स्टुलावर बसलो. आप्पा मागे गेले. भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत मी पहिल्यांदा बोट वर केलं. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तर असं झोकात केलं, की जणू बोलीच लावतोय.

"न्हावरे," मागून आवाज आला, "अजून लावलंच न्हाई."

"आं?"

"तीनदा बोट वर केलंस. एकदाबी लावलं नव्हतं."

मग त्यांनी खरोखर लावलं. मी वाट बघत राहिलो. शेवटी मेसच्या मावशी दारातून डोकावून म्हणाल्या, "अवो आप्पा, किती येळ ते चिमणीवानी टिवटिव लावलंय?" ती टिवटिव माझ्या कानांवर चालू होती. मला ऐकू येत नव्हती.

मी हसण्यावारी नेलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तेराशेचा साधा, वायरचा, कापडी गादीचा हेडफोन काढला. वायरीवरच्या आवाजाच्या चक्रीवर लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारली. "ह्याच्या वर जायचं न्हाई. मोबाईलचं सुटं पार्ट मिळत्यात. कानाचं मिळत न्हाईत."

पुढे महिन्याभरात कंपनीत कान तपासणारी गाडी आली. ती वर्षातून एकदा यायची. काचेच्या डब्यात बसायचं, हेडफोन लावायचा, टूं ऐकू आलं की बोट वर. रांगेत पुढे उभा असलेला आमचा सीनियर मला म्हणाला, "टूं-बिं सोड. काचेतनं तपासणाऱ्या मॅडमच्या कोपराकडं बघ. बटण दाबायला कोपर हलला, की बोट वर. आधी हितंच प्रेसवर हुते, त्या यशवंत आप्पांची टेक्निक हाय ही. अख्खी लाइन पास व्हती." नापास झालेल्याला प्रेसवरून काढत. मग ओव्हरटाइम गेला, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला तर घरीच बसवतील ही भीती. त्या दिवशी गाडीतली वीज गेली आणि आमचा नंबर दुसऱ्या दिवशीवर गेला.

मी काय करावं? सुटलो तो थेट आप्पांच्या दुकानात. "आप्पा! कंपनीत तुमचं नाव अजून चालतं!" म्हणून सगळी टेक्निक त्यांनाच हातवारे करून सांगितली. माणसाला आनंदाची बातमी देताना त्याचा चेहरा बघायची पद्धत असते, हे मला फार उशिरा सुचतं.

आप्पा स्टुलावर बसले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून.

"एकोणीस वर्सं फिट हुतो मी," ते म्हणाले. "सर्टिफिकेट हायत घरी. उजवा कान कवा गेला, मलाच कळलं न्हाई. डावा निम्मा हाय. त्या सर्टिफिकेटापायी एका कानातबी बोळा घातला न्हाई कवा. फिट माणसाला कशाला बोळा? आन् वर लायनीतल्या पोरांस्नीबी शिकवलं. पोटासाठीच शिकवलं, पर शिकवलं."

आप्पा गिऱ्हाइकाच्या मागे का उभे राहतात, ते आत्ता कळलं. पुढे उभे राहिले असते, तर गिऱ्हाइकानं कोपर बघितला असता.

"उद्या काय करू, आप्पा?"

"ते मी सांगणार न्हाई. एकदा सांगून झालंय माझं."

दुसऱ्या दिवशी काचेच्या डब्यात मी डोळे मिटून बसलो. इतके घट्ट, की मॅडमनी काच वाजवून विचारलं, "झोपलात का?" निकाल आला तो मी आधीच ऐकला होता, त्या टिवटिवीच्या दिवशी, मावशींच्या तोंडून. प्रेसवरून काढलं. तीन आठवडे न्हावऱ्यात वडिलांच्या कांद्यात वाकलो, रोज फोन बघत. मग पॅकिंगला घेतलं. ओव्हरटाइम कमी, पण खोके आदळत नाहीत. आप्पांना सांगितलं, तर एवढंच म्हणाले, "चक्रीची रेघ पुसली तर नवी मारून देतो."

मागच्या दिवाळीनंतर आप्पांनी गाळा सोडला आणि दौंडला लेकीकडे गेले. पॅकिंगची सुट्टी धरून मी भेटायला गेलो. लेक सुमनताई दारातच म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज एवढा, की गल्लीला सिरियल पाठ झालीय. कानाच्या डॉक्टरकडं चला म्हटलं, तर म्हंत्यात, मला येतंय की ऐकू."

मी पिशवीतून खोका काढला. वायरचा, हलका, कापडी गादीचा. आप्पांनी गादी चिमटीत धरून बघितली. "शिकलास," म्हणाले.

"बसा. भिंतीकडं तोंड करून."

ते हसत बसले. मी मागे गेलो आणि अगदी बारीक लावलं. बोट वर. थांबवून पुन्हा लावलं. पुन्हा बरोबर वर. मी चक्रावलो. मग समोरच्या बंद टीव्हीकडे लक्ष गेलं. त्या काळ्या काचेत माझा कोपर स्वच्छ दिसत होता.

मी खुर्चीवरचा टॉवेल घेतला आणि टीव्हीवर टाकला. आप्पांची मान खाली गेली, खांदे हलायला लागले, हसत होते. मग हसू थांबलं आणि त्यांनी डोळे मिटले.

मी लावलं. बोट गुडघ्यावरच. चक्री फिरवली. माझ्या हेडफोनवर लाल रेघ असते तिथवर आलो. बोट हललं नाही. दारात सुमनताई पदर तोंडाला लावून उभ्या.

"न्हावरे, लावलंस का?"

"लावलंय, आप्पा."

"न्हाई आलं," म्हणाले. हेडफोन उतरवला, गादीवरून एकदा अंगठा फिरवला आणि डावा कान दाराकडे केला.

"सुमे, त्या डॉक्टरकडं नंबर लाव. आन् न्हावरेला च्या टाक. एकोणीस वर्सांत झाली न्हाई, ती माझी टेस्ट आज झाली."