भिंतीवरचं शेण

सकुमावशी जुनी माती फेकत नाही. ती माझ्या मैत्रिणीची, नम्रताची आई. सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव सोडून आसनगावला लेकीकडे आली, तेव्हापासून गच्चीवर रंगाचे सहा रिकामे डबे आहेत आणि त्यांत तेच खत, तीच माती फिरते आहे. पीक संपलं की ती डबे उपडे करते, मुळं वेचते, सगळं ताडपत्रीवर उन्हात घालते. मग पत्र्यावर पसरून वर शेणी, म्हणजे गोवऱ्या, आणि पाला जाळते. शेतात भाताचं रोप करायच्या आधी राब भाजतात, तसंच.

यंदा राब भाजणं फार गरजेचं होतं. गेल्या वर्षी याच मातीत वांगी वाळली. उपटली तर मुळांवर गाठीच गाठी. हा रोग मातीत राहतो, भाजल्याशिवाय जात नाही.

मे महिन्यात मी मदतीला गेले. मावशी पाला आणायला खाली उतरली. जाताना म्हणाली, "तवर शेणी चुरून वर टाक गो."

मी कोपऱ्यातल्या शेणी चुरल्या. कमी वाटल्या म्हणून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर थापलेली एक खरवडून काढली, दगडाने फोडली. सगळं कालवलं. धूळ उडू नये म्हणून वर दोन तांबे पाणी मारलं.

मावशी वर आली. तिने आधी भिंतीकडे पाहिलं.

"ती कुठंय?"

मी मातीकडे बोट दाखवलं.

मावशी मातीत बोटं घालून चाचपू लागली. "भिंतीवर शेण कशाला थापतात, एवढं नाय शिकवलं गो पंधरावीला?"

त्या शेणात काकडीचं बी होतं. तिच्या आईच्या वाडीतलं. गेल्या पावसाळ्यात माकडांनी गावचे वेल उपटले, एकच काकडी हाती लागली. तिचं सगळं बी याच शेणात.

आम्ही संध्याकाळपर्यंत चाळत बसलो. तीन बिया मिळाल्या. एक माझ्या दगडाने चिरडलेली.

"आता भाजूया नको," ती म्हणाली.

"पण मावशी, त्या गाठी?"

"भाजलं तर बी जाईल. नाय भाजलं तर कदाचित जाईल."

तिने न भाजलेली माती तशीच डब्यांत भरली. मिळालेल्या दोन धड बियाही त्यातच टोचल्या.

आठ दिवसांत सात कोंब आले. मला आनंद झाला. तिला नाही. ती रोज दुपारी गच्चीवर जाऊन पानं बघायची. तिसऱ्या आठवड्यात एका रोपाची पानं उन्हात लोंबली. संध्याकाळी सावरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोंबली.

"वांग्यांचं असंच चालू झालं होतं," ती म्हणाली.

तिने बोटांनी माती सैल करून ते रोप उपटलं. मूळ तांब्यात खळबळून धुतलं. माझ्या पुढे धरलं. "तुझे डोळे चांगले. बघ."

मी बराच वेळ पाहिलं. मूळ पांढरं, गुळगुळीत होतं.

"नाय गाठी," मी म्हणाले.

"ह्याला नाय." तिने उरलेल्या सहा रोपांकडे पाहिलं. मुळं बघायला तिला ती उपटता येणार नव्हती.