देव फाटकाबाहेर

देवावर इतका जीव असलेला आणि त्याच देवाला रोज तासन् तास बाहेर ताटकळत ठेवणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. नात्याने ते माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. राहायला केळझरला, गणपतीच्या टेकडीखाली, आणि नोकरीला सेलूच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला. पहाटे आंघोळ, अथर्वशीर्ष, टेकडी चढून दर्शन, कपाळावर ठसठशीत गंध आणि मग स्कूटर. शाळेच्या फाटकाशी स्कूटर थांबली की खिशातून रुमाल निघायचा आणि गंध पुसलं जायचं. गळ्यातलं गणपतीचं पदक डिकीत, डिकीला कुलूप, मग सर आत. पाच वाजता त्याच फाटकाशी हाच कार्यक्रम उलट्या क्रमाने, स्कूटरच्या आरशात बघून. त्यांचे सगळे रुमाल एका कोपऱ्यात केशरी झालेले असत, आणि ते धुताना आमच्या ताई जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एकदा स्कूटर दुरुस्तीला गेली आणि हे एसटीने आले. आली का पंचाईत? डिकीच नाही, तर देव ठेवायचा कुठे? शेवटी शाळेसमोरच्या पानठेलेवाल्याकडे पदक सोपवून आत गेले. त्या भल्या माणसाने ते सुपारीच्या बरणीला टेकवलं आणि समोर उदबत्ती लावली. दुपारपर्यंत गिऱ्हाइकं आधी हात जोडून मग तंबाखू-सुपारीचा खर्रा मागायला लागली. संध्याकाळी साडभाऊ न्यायला गेले, तर तो म्हणाला की सर, रविवारपर्यंत राहू द्या, धंदा चांगला होऊन राह्यला.

यावरून कुणाला वाटेल की या माणसाला देवाची लाज वाटत असावी. छे. देवाला ते जसे वर्गात येऊ देत नसत, तसेच विज्ञानालाही देवघरात पाय ठेवू देत नसत. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या घराची वास्तुशांती होती. आमच्यातले एक इंजिनिअर पाहुणे शंखाच्या आवाजाने जंतू कसे मरतात ते सगळ्यांना समजावून सांगत होते. साडभाऊ आरतीचं ताट हातात धरून मध्येच थांबले.

"देवाले सर्टिफिकेट द्याले तुमाले कोणं बोलावलं?" ते म्हणाले. "शंख वाजवाचा असन तं वाजवा, नाई तं खाली ठेवा."

पाहुण्यांनी शंख खाली ठेवला आणि जेवणही आटोपशीर घेतलं. माझ्या मुलीने कापराची राख का उरत नाही असं विचारलं, तर तिलाही उद्या शाळेत येजो, तिथे सांगतो, असं उत्तर मिळालं. एका दसऱ्याला संस्थेच्या अध्यक्षांनी प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची पूजा करायचा हट्ट धरला. साडभाऊंनी तो जड सूक्ष्मदर्शक स्वतः उचलून व्हरांड्यात आणला, तिथे मनोभावे हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून नमस्कार केला, मग पुसूनपासून परत आत नेला. भिंगाच्या कडेला चिमूटभर कुंकू राहिलं असावं, कारण पुढे कितीतरी दिवस पोरं वहीत कांद्याच्या पेशी लाल रंगवत होती.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग कोरोनाच्या आदल्या डिसेंबरात सकाळचं सूर्यग्रहण आलं. साडभाऊंनी आठवीच्या वर्गाला भल्या सकाळी शाळेत बोलावलं आणि मला वर्ध्याहून ग्रहणाचे चष्मे आणि पोह्यांचा मोठा डबा आणायला सांगितलं. ग्रहणात अन्न नासत नाही, हा त्या दिवशीचा धडा होता. मला आतली गोष्ट ठाऊक होती. या माणसाने जन्मात ग्रहणात पाण्याचा घोट घेतलेला नव्हता. लहानपणापासून ग्रहण सुटेपर्यंत ते आईशेजारी बसून जप करत. आई गेल्यावरही ती शेजारी असल्यासारखेच बसत. यंदा काय करतात हे बघायला मी ग्रहणापेक्षा जास्त उत्सुक होतो.

ग्रहण लागलं. मैदानातल्या कडुलिंबाखाली उन्हाच्या कवडशांच्या कोरी झाल्या आणि पोरं त्या तळहातावर धरून नाचली. सरांनी सावली कुणाची, कुठे पडते, ते छान समजावलं. मग डबा उघडला. पोरं घरून उपाशी आली होती, पण एकही हात पुढे येईना. शेवटी पुढच्या रांगेतली एक किडकिडीत मुलगी उठली.

"सर, काई होत नाई म्हंता, तं तुमी खा ना आंधी."

ती आगाऊपणा करत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. साडभाऊंचा चेहरा उतरला. खाल्लं नाही, तर विज्ञान नुसतं पेपरात लिहायचं असतं, हे चाळीस पोरं कायमचं शिकणार. खाल्लं, तर आईशेजारचा जप मोडणार. मी डब्यात डोकावलो आणि माझा जीव भांड्यात पडला. बायकोने सवयीने पोह्यांवर तुळशीचं पान ठेवलं होतं. मी हळूच म्हणालो, साडभाऊ, तुळस आहे, चालतं, खाऊन टाका.

त्यांनी पान उचललं, नीट बघितलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"याच्यानं प्रयोग बिघडते," ते म्हणाले. "पोरं म्हंतीन, तुळशीनं वाचवलं."

आणि त्यांनी पोह्यांचा मोठा घास घेतला. पोरं श्वास रोखून बघत होती. कुणीतरी विचारलं, सर, पोटात काय होऊन राह्यलं? भूक लागून राह्यली, म्हणत सरांनी प्लेट भरून घेतली. मग काय, डबा कधी रिकामा झाला कळलंही नाही. त्या मुलीने तर दोनदा घेतले. मला मात्र पोहे गेले नाहीत.

संध्याकाळी स्कूटरवर त्यांच्यामागे बसून मी केळझरला गेलो. घरी न थांबता ते सरळ टेकडी चढले आणि गणपतीसमोर बसले. उठायचं नावच घेईनात. पुजारीही दोनदा बघून गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, माफी मागितली का?

त्यांनी वाकून चपला घातल्या.

"मांगतली असती तं त्या पोरीले मी खोटं शिकवलं असं झालं असतं," ते म्हणाले. "नाई मांगतली."

"मग इतका वेळ काय करत होता?"

"काई नाई. आईची आठवण येऊन राह्यली होती."

अंधारून आलं होतं. त्या पायऱ्या त्यांना डोळे मिटूनही उतरता आल्या असत्या. तरी त्या दिवशी उतरताना त्यांनी माझा हात धरला, आणि खाली रस्त्याला लागेपर्यंत सोडला नाही.